चौथ्या पायरीवरची नोरीन

१९९७ साल. मार्च महिन्यातला मंगळवार. दुपारचे अडीच.

वेळ मुद्दाम सांगते आहे. असल्या गोष्टी रात्री घडतात असा आपला समज असतो. ही भर दुपारी घडली. बरबँक या सिनेमावाल्यांच्या अमेरिकन गावात, ऑलिव्ह अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, एका बिनखिडकीच्या खोलीत. बाहेर कडक ऊन होतं. समोर गाड्या धुवायच्या दुकानात रेडिओ वाजत होता.

आणि ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या बाबतीत घडली ती व्हर्ना स्टोकली माझ्या शेजारच्या घरात राहते. एकेचाळीस वर्षांचा शेजार आहे आमचा. व्हर्ना खोटं बोलत नाही. तिचं कामच तसं होतं. जे होतं ते लिहायचं, जे नव्हतं ते लिहायचं नाही.

आयुष्यात एकदाच तिने एक गोष्ट लिहायची टाळली.

त्या एका गोष्टीची ही हकिकत...

व्हर्ना सिनेमात कंटिन्युइटी सांभाळायची. कॅमेऱ्याच्या अगदी खाली, लाकडी स्टुलावर, मांडीवर वही घेऊन. कोणाच्या कुठल्या हातात काटा आहे, कपात कॉफी किती उरली, कोण कुठे बघतो आहे, हे सगळं प्रत्येक टेकला टिपायचं. जागच्या जागी फोटो छापून देणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढून पानावर चिकटवायचा. सेटवर दोघांत वाद झाला की दिग्दर्शक म्हणायचा, "व्हर्नाची वही काढा." वहीत असेल तेच खरं. त्यावर कोणी बोलायचं नाही.

१९७१च्या नोव्हेंबरात ती 'कॉर्बेट टेबल' नावाच्या सिनेमावर होती. दिग्दर्शक लाइल ब्रँडवोल्ड. तेव्हा तिशीतला, उंच, तोंडाळ आणि हुशार. सिनेमातला मोठा प्रसंग थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा. टेबलाभोवती सहा माणसं, मध्ये भाजलेली टर्की, आणि मागे वर जाणारा जिना. जिन्यावर एक मुलगी उभी असायला हवी होती. नुसती उभी. बोलायचं काही नाही.

ठरलेली मुलगी त्या दिवशी आलीच नाही.

व्हर्नाची धाकटी बहीण नोरीन सहज डबा द्यायला आली होती. चोवीस वर्षांची. आईने विणलेला व्हर्नाचाच निळा स्वेटर घालून.

लाइल म्हणाला, "ही कोण? उभं राहता येतं का हिला?"

"चोवीस वर्षं उभीच आहे," व्हर्ना म्हणाली.

"मग चौथ्या पायरीवर पाठव."

टेक सुरू झाला. सहाही जणांनी जीव ओतला. आणि शेवटच्या चार सेकंदांत नोरीनने मान उचलली आणि सरळ लेन्सकडे पाहिलं.

खरं म्हणजे लेन्सकडे नाही. लेन्सच्या खाली स्टुलावर व्हर्ना बसली होती. नोरीनने तिच्याकडे पाहिलं. 'जमतंय ना गं मला?' अशी विचारणारी नजर होती ती.

अशा वेळी व्हर्नाने तोंड उघडायला हवं होतं. पोरीने लेन्समध्ये पाहिलं, टेक बाद. ते तिचं कामच होतं. पण नोरीन इतकी खुशीत होती... व्हर्नाने वहीत लिहिलं : 'चौथी पायरी. मुलगी, निळा स्वेटर, डावा हात कठड्यावर. नजर :'

पुढे काहीच लिहिलं नाही.

लाइलने तोच टेक निवडला.

तीन आठवड्यांनी, पावसात, डोंगरातल्या रस्त्यावर नोरीनची गाडी घसरली.

घरात तिचे फोटो बरेच होते. पण फोटो तो फोटो. हलती, श्वास घेणारी, पापणी लववणारी नोरीन जगात एकाच ठिकाणी उरली होती. त्या चार सेकंदांत.

त्यांची आई, ओपल, पुढे बेकर्सफील्डला वृद्धाश्रमात राहायला गेली. तिथे ती दर रविवारी जेवण झालं की 'कॉर्बेट टेबल'ची कॅसेट लावायची. जिन्यापर्यंत यायची, चित्र थांबवायची आणि आठवडाभराच्या बातम्या नोरीनला सांगायची. कोण आजारी आहे, कोणाला नातू झाला, पुडिंग कसं पाणचट होतं. मग कॅसेट गुंडाळून ठेवायची. बारा वर्षं हा नेम चालला होता.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये लाइलचा फोन आला.

"व्हर्ना, जिवंत आहेस का गं?"

"पेन्शन तरी येतंय."

"वह्या फेकल्या नाहीस ना?"

"मी काही फेकत नाही. तू मला शिव्या लिहिलेली चिठ्ठीसुद्धा जपून ठेवली आहे."

"छान. 'कॉर्बेट' पुन्हा थिएटरात येतोय. पंचवीस वर्षं झाली. वही घेऊन ये."

तेव्हा कॉम्प्युटरवर जुने सिनेमे दुरुस्त करायची नवी सोय निघाली होती. नुसते ओरखडे पुसायची नाही. आभाळ बदला, गर्दी वाढवा, नको असेल ते काढून टाका. मोठमोठे दिग्दर्शक आपलेच जुने सिनेमे घेऊन बसले होते, म्हातारपणी जुनं घर पुन्हा रंगवायला काढावं तसे.

त्या मंगळवारी व्हर्ना वही घेऊन बरबँकच्या खोलीत गेली, तेव्हा कॉम्प्युटरवर रुबेन ओचोआ होता. पन्नाशीला आलेला, शांत. पूर्वी तो सिनेमातले मागचे देखावे काचेवर हाताने रंगवायचा. आता माऊस हलवून रंगवायचा. मागे कोचावर कंपनीची चारपाच माणसं होती.

लाइलने जेवणाचा शॉट लावला आणि चौथ्या पायरीवर बोट ठेवलं.

"कुठल्याही कॉलेजात बोलायला जा, प्रश्न ठरलेला. 'सर, जिन्यावरची मुलगी कोण? ती आपल्याकडे का बघते?' समोर सहा नट रक्त आटवताहेत, आणि लोक बघतात कोणाकडे? एका एक्स्ट्राकडे." तो वळला. "त्या दिवशी कंटिन्युइटीला कोण होतं?"

त्याला माहीत होतं. नोरीन कोण हे मात्र तो साफ विसरला होता.

"मी होते," व्हर्ना म्हणाली.

"तुला दिसलं नाही? तुझ्या नाकासमोर लेन्समध्ये बघतेय ती."

कोचावरचे लोक हसले.

तिथेच ती म्हणू शकली असती. दिसलं होतं. माझी बहीण होती. माझ्याकडे बघत होती.

पण चाळीस वर्षांचं नाव होतं तिचं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणायचे. आणि सुटलं असं म्हणण्यापेक्षा जाणूनबुजून सोडलं असं म्हणणं अजून वाईट होतं.

"राहिलं असेल नजरेतून," ती म्हणाली.

रुबेन म्हणाला, "मुलगी काढता येईल. पण तिच्या मागचा वॉलपेपर कसा होता ते कळायला हवं. अंदाजाने रंगवलं तर डोळ्याला खटकतं."

व्हर्नाने वही उघडली. त्या पानावर, नोरीन उभी राहायच्या आधी काढलेला फोटो चिकटवलेला होता. रिकामा जिना. वॉलपेपरवरची पिवळी फुलं अगदी स्वच्छ.

तिने तो स्वतःच्या हाताने सोडवून दिला.

मनात म्हणाली, आईकडे कॅसेट आहेच. तिला कोण हात लावणार?

लाइल म्हणाला, "वहीतही दुरुस्ती करून टाक. शिस्त म्हणजे शिस्त."

तिने ती ओळ खोडली. खाली लिहिलं : 'जिना रिकामा.'

तेव्हा अडीच वाजले होते.

रुबेनने तासाभरात काम उरकलं. छान झालं होतं. तिथे कधी कोणी उभं होतं अशी शंकासुद्धा आली नसती. लाइल खूश होऊन जेवायला गेला, कोचावरची मंडळी त्याच्या मागे.

खोलीत दोघंच उरली. रुबेनने शॉट आवाजासकट लावला.

सिनेमावाल्यांची एक रीत आहे. एखाद्या जागेचं शूटिंग संपलं की सगळे जागच्या जागी अर्धा मिनिट गप्प उभे राहतात, आणि त्या खोलीची नुसती शांतता टेप करून घेतात. पुढे संवादांच्या खाली ती शांतता अंथरतात. त्या दिवशी अठ्ठावीस माणसं गप्प उभी होती. व्हर्नाच्या वहीत तोही आकडा होता.

आता त्या शांततेत एक आवाज येत होता...

कोणीतरी श्वास घेत होतं.

एकच माणूस. सावकाश. आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी.

"एसी असेल," रुबेन म्हणाला. त्याने एसी बंद केला.

शिट्टी तशीच.

व्हर्नाने ती शिट्टी ओळखली. नोरीन सहा वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली होती. व्हर्नानेच जोरात झोका दिला होता. नाकाचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून श्वास घेताना नोरीनच्या नाकातून अशीच बारीक शिट्टी वाजायची. रात्री एका खोलीत झोपताना व्हर्ना ती ऐकत झोपी जायची.

ती वही उचलून घरी निघून गेली.

बुधवारी सकाळी रुबेनचा फोन आला. "जरा येऊन जाता का? वही घेऊन."

पडद्यावर तोच शॉट होता. जिना रिकामा.

"म्हाताऱ्याकडे बघा," तो म्हणाला.

टेबलाच्या टोकाला आजोबांचं काम करणारा नट बसला होता. बिचारा केव्हाच वारला होता. वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं : 'उजव्या हातात काटा. नजर ताटात.'

काटा उजव्याच हातात होता.

नजर ताटात नव्हती. तो मान वळवून रिकाम्या जिन्याकडे बघत होता...

"तू काही केलंस?"

"आईची शपथ. मी फक्त पायरीला हात लावला."

गुरुवारी तिघं बघत होते.

शुक्रवारी सहाही जण. कोणाचा घास तोंडाशी थांबलेला, कोणाचा पेला हातात. सगळ्यांच्या माना चौथ्या पायरीकडे. जेवायला बोलावलेलं माणूस अजून का येत नाही, अशा नजरेने.

रुबेनने तळघरातून मूळ फिल्मचा डबा मागवला. फीत दिव्यासमोर धरली.

त्यातही तेच. जिना रिकामा, सगळे वळलेले. ज्या फितीला कॉम्प्युटर शिवलासुद्धा नव्हता, तिच्यात.

संध्याकाळी लाइल आला. त्याने शॉट दोनदा पाहिला. व्हर्ना आणि रुबेन मागे उभे होते.

"वा," लाइल म्हणाला. "काय वाट बघताहेत बघा. मी हे असं करवून घेतलं होतं, विसरलोच होतो. पोरगी मध्ये उभी असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नव्हतं इतकंच."

"लाइल, ते ताटात बघत होते. वहीत आहे."

"वहीत तर तुला त्या पोरीची नजरसुद्धा दिसली नव्हती."

व्हर्नाने वही मिटली.

रविवारी ती बेकर्सफील्डला गेली. दोन तासांचा रस्ता. वाटेत एकदाही रेडिओ लावला नाही. कॅसेट बारा वर्षं जुनी, आईच्या कपाटात, रुमालात बांधलेली. तिला काही होणं शक्य नाही. ती हेच घोकत होती.

आई टीव्हीसमोर बसली होती. चित्र थांबवलेलं.

"व्हर्नी," तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नोरीन कुठे गेली?"

जिना रिकामा होता. सहाही जण त्याच्याकडे बघत होते.

"गेल्या रविवारी होती. मी तिला मिसेस हडलस्टनच्या गुडघ्याचं सांगितलं. आज येऊन बघते तर नाही. ही माणसंसुद्धा तिलाच शोधताहेत बघ."

"कॅसेट जुनी झाली आहे, आई."

ओपल त्र्याऐंशी वर्षांची होती. चष्म्याशिवाय तिला स्वतःचा हात दिसत नसे. तिने लेकीचं तोंड मात्र बरोबर वाचलं.

"तू काय केलंस?"

झोपाळ्याच्या दिवशीही तिने हेच विचारलं होतं. याच आवाजात.

व्हर्नाने सगळं सांगितलं. टेकचं, वहीचं, हसलेल्या लोकांचं.

आईने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "चार माणसांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून पोरीला घालवलंस. आता जा आणि घेऊन ये."

सोमवारी सकाळी व्हर्ना रुबेनच्या खोलीत जाऊन बसली. "तिला परत आण."

"कुठून आणू?" रुबेनचे डोळे सुजलेले होते. "मी राखून ठेवलेल्या प्रतीतसुद्धा ती नाही. फितीत नाही. माझ्याकडे फक्त तुम्ही दिलेला रिकाम्या जिन्याचा फोटो आहे."

शॉट सुरूच होता. पुन्हा पुन्हा. शांततेखाली ती शिट्टी. आता जलद येत होती. धाप लागल्यासारखी.

व्हर्नाने वही उघडली. 'जिना रिकामा' ही ओळ खोडली. अक्षर नेहमीसारखं नीट काढलं.

'चौथी पायरी. मुलगी, नोरीन स्टोकली. निळा स्वेटर, डावा हात कठड्यावर. नजर : माझ्याकडे. मी पाहिलं होतं. पाहून गप्प बसले.'

खाली सही केली. तारीख घातली.

शिट्टी थांबली.

खोलीत काहीच आवाज उरला नाही. गाड्या धुवायच्या दुकानातला रेडिओसुद्धा ऐकू येईना.

मग... स्पीकरमधून लाकडी पायरी करकरली.

एकदाच.

"व्हर्ना," रुबेन हळूच म्हणाला. "वर बघा."

टेबलावरचे सहाही जण आपापल्या ताटात बघून जेवत होते. काटा, पेला, घास, सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे. आणि चौथ्या पायरीवर निळा स्वेटर होता. डावा हात कठड्यावर.

नोरीन परत आली होती.

फक्त ती पाठमोरी उभी होती.

चार सेकंद. भिंतीकडे तोंड करून. वेणीची रिबीन दिसत होती, स्वेटरला मागून आईने मारलेलं ठिगळ दिसत होतं. चेहरा नाही. रुबेनने शॉट पंचवीसतीस वेळा लावला. तिने मान वळवली नाही.

पुढच्या रविवारी आईने कॅसेट लावली. थांबवली. बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिली.

"रुसली आहे," ती म्हणाली. "लहानपणी अशीच करायची. भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. समजूत काढू नये. बाजूला बसून राहावं."

आणि तिने पाठीला आठवड्याच्या बातम्या सांगायला सुरुवात केली.

सिनेमा त्या शरदात थिएटरांत लागला. ती पाठ कोणी घातली असं लाइलने कधी विचारलं नाही. ती आधीपासून तशीच होती अशी त्याची खात्री होती. सगळ्यांचीच होती. कॉलेजांत आता मुलं विचारायची, "सर, जिन्यावरची मुलगी पाठ करून का उभी आहे?" लाइल चिडायचा. पण त्यानंतर जेवताना तो जिन्याकडे पाठ करून कधी बसला नाही. तीन वर्षांनी त्याने टेकडीवरचं मोठं घर सोडलं आणि एकमजली घर घेतलं. २००६ साली तो त्याच घरात वारला. शेवटी शेवटी जेवण पुढे आलं की नर्सला म्हणायचा, थांब, अजून एक जण यायचंय.

रुबेनने कॉम्प्युटर सोडला. ऑक्सनार्डला दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षरं, फळं, मासे, काहीही. माणूस काढत नाही.

ओपल २००१ साली गेली. रविवारीच. आदल्या आठवड्यात व्हर्नाला म्हणाली होती, "आज जरा मान हलली गं." व्हर्नाला वाटलं, वयाचं बोलणं.

ते वयाचं बोलणं नव्हतं.

२००४ साली सिनेमाची नवी डिस्क निघाली. तिच्यात नोरीनचा कान दिसतो. २०१३ साली अजून एक आली. तिच्यात गालाची कड. दोन वर्षांपूर्वी पन्नाशीनिमित्त पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा व्हर्ना मला घेऊन गेली. दुपारचा खेळ होता, थिएटर जवळजवळ रिकामं. जेवणाचा प्रसंग आला तसा तिने माझा हात घट्ट धरला.

मला गाल दिसला. नाकाचं टोक दिसलं. आणि पापणीचे केस.

मी तो सिनेमा पूर्वी कधी पाहिला नव्हता. मी काय सांगणार? मला एवढंच सांगता येईल की प्रसंगाच्या शेवटी, सगळं शांत असताना, मला बारीक शिट्टी ऐकू आली. पडद्याकडून नाही. आमच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून.

व्हर्ना आता अठ्ठ्याऐंशीची आहे. ती वही तिच्या उशाशी असते. सिनेमाची अजून स्वच्छ प्रत काढणार आहेत अशी बातमी परवा पेपरात आली. मी ती तिला वाचून दाखवली.

तिने उशाजवळची वही मांडीवर घेतली.

"या खेपेला बघेल ती माझ्याकडे," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी तर थांबले आहे."

"मग चांगलंच आहे की."

"पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हा विचारत होती, जमतंय ना गं मला." तिने वहीवरून हात फिरवला. "आता काय विचारेल, ते मला माहीत नाही."